ओमुकाए

रविवारी सकाळी नऊला माझा जपानीचा वर्ग असतो, पुण्यातच. अकरा विद्यार्थी. दहा जण विशी-पंचविशीतले, बहुतेक आयटीतले, आणि मधल्या बाकावर काका. काकांचं वय ७१. त्यांची मुलगी नागोयाला असते. नातू तिथल्या पाळणाघरात जातो आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांशी थेट जपानीत बोलायला लागतो. त्याला उत्तर देता यावं म्हणून काका हिरागाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं, गिरवायला बसले. बायको गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, हे मला बरंच नंतर कळलं.

त्या दिवशी सगळे व्याकरणाने पेंगुळले होते, म्हणून मी एका अॅनिमेचा तुकडा लावला. 'शिनिगामी नो बॅलड', २००६ची, सहाच भागांची मालिका. मोमो नावाची मुलगी शिनिगामी आहे, म्हणजे माणसाचा प्राण न्यायला येणारी. केस पांढरे, झगा पांढरा, हातात लांब दांड्याचा भलामोठा विळा, सोबत वटवाघळाचे पंख आणि गळ्यात घंटा असलेलं डॅनिएल नावाचं काळं मांजर. आणि ही बया चक्क रडते. मेलेल्या माणसासाठी रडते, त्याचं मागे राहिलेलं प्रेम जिवंत माणसांपर्यंत पोचवायला धडपडते. काही प्रसंग नको तितके गोड आहेत, पण संवाद सावकाश आहेत. शिकवायला बरे पडतात.

पोरांना शिनिगामी म्हटलं की 'डेथ नोट' या अॅनिमेतला सफरचंदं खाणारा र्‍युक आठवतो. "सेन्सेई, ही कसली शिनिगामी? घाबरायला पण होत नाही," एकजण म्हणाला. दुसरी म्हणाली, "म्हणजे यमच ना?"

यम नाही, मी म्हटलं. आपला यम बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे फार पूर्वीच जपानला पोचला. तिथे त्याचं नाव एन्मा. तो न्यायाधीश होऊन बसलाय, दारोदार हिंडत नाही. शिनिगामी वेगळे. अठराव्या शतकात चिकामात्सूने एकत्र जीव देणाऱ्या प्रेमिकांवर बाहुलीनाट्यं लिहिली, त्यांत हा शब्द सापडतो. तिथला शिनिगामी प्रेमात पडलेल्यांना मरणाकडे ओढतो. म्हणजे प्रेमाशी त्याचं नातं जुनंच आहे, मोमोने फक्त बाजू बदलली. पांढऱ्या कपड्यांचं कुणाला नवल वाटलं नाही. आपल्याकडे अंत्ययात्रेला माणसं पांढरं घालून जातात. जपानमध्ये पोचवायला आलेले काळ्यात आणि पांढऱ्यात फक्त गेलेला, हे सांगितल्यावर मात्र वर्ग जरा गप्प झाला.

मग मी फळ्यावर लिहिलं : 'ओमुकाए गा कुरु'.

काकांचा हात ताडकन वर. एरवी ते कधी हात वर करत नाहीत. "हे मला येतं! मुलगी रोज म्हणते. आपल्या दीडच्या सुमाराला, म्हणजे त्यांच्या पाचला. 'बाबा, ओमुकाएची वेळ झाली,' म्हणते आणि फोन ठेवते. पोराला पाळणाघरातून आणायला जाते."

बरोबर होतं. आणायला जाणं, न्यायला येणं, तोच शब्द. पण मी फळ्यावर तो ज्या अर्थाने लिहिला होता, तो आता काकांच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघून सांगायचा कसा? सांगितला. जपानी म्हातारी माणसं मरणालाही 'ओमुकाए' म्हणतात. मरणाऱ्याला न्यायला अमिदा बुद्ध ढगांवरून बोधिसत्त्वांसह येतो, अशी श्रद्धा. त्याची चित्रं मरणाऱ्याच्या उशाशी ठेवत. बुद्धाच्या हाताला बांधलेला दोरा त्याच्या हातात देत.

"तुकोबांचं विमान!" मागून कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली.

काका काही बोलले नाहीत. मी सगळ्यांना 'मुकाए नि कुरु' वापरून एक-एक वाक्य लिहायला सांगितलं. वह्या गोळा केल्या. पोरांनी मित्र, विमानतळ, बॉसची गाडी वगैरे लिहिलं होतं. काकांच्या वहीत थरथरत्या हिरागानात दोन वाक्यं होती :

'कानाई वा मादा मुकाए नि किमासेन. दाकारा निहोंगो ओ बेन्क्यो शिमासु.'

बायको अजून न्यायला येत नाही. म्हणून जपानी शिकतो. कानाई म्हणजे शब्दशः घरातली. काकांच्या पिढीचे जपानी पुरुषही बायकोला असंच म्हणतात.

लाल पेन हातात घेऊन मी बसून राहिले. पाठ 'अजून झालेलं नाही'चा चालू होता, त्या हिशेबाने 'किमासेन'चं 'किते इमासेन' करायला हवं. पण चूक म्हणावी तर तीही नव्हती. 'मादा किमासेन' म्हणजे अजून येत नाही, एवढ्यात काही येणार नाही. 'मादा किते इमासेन' म्हणजे आलेली नाही, पण यायची आहे. वीस वर्षांत एका क्रियापदाशी मी इतका वेळ घुटमळले नव्हते.

वर्ग सुटल्यावर काकांना थांबवलं आणि दोन्हींतला फरक समजावून सांगितला. "काका, तुम्हाला यातलं कुठलं म्हणायचंय?"

त्यांनी वही जवळ ओढली, चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली.

"दुसरं," म्हणाले. "पण तिला घाई नाहीये, हे कसं लिहायचं?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही ते तिसरं वाक्य जुळवायला घेतलं. 'इसोगु', घाई करणं, हे क्रियापद त्यांना अजून शिकवलेलं नव्हतं.