पिकअपचा ब्रेक घासत होता आणि मी तीन आठवडे भलतीकडेच शोधत होतो

आवाज पहिल्यांदा नानांना ऐकू आला, मला नाही, कारण मी गाडीत गाणी लावूनच बसतो. गिरणाऱ्याहून टोमॅटोचे ७० कॅरेट भरून नाशिकला पंचवटीच्या मार्केट यार्डात चाललो होतो, सोमेश्वरच्या पुढं एका सिग्नलला ब्रेक दाबला आणि नाना म्हणले, "गाडी दळण दळायला लागली का रे?" मी गाणं बंद केलं, परत ब्रेक दाबला, तर खरंच, पुढून कुठून तरी खर्रर्र. जात्यात खडा आल्यावर होतो ना, तसाच. लिलाव गाठायचा होता म्हणून म्हणलं बघू नंतर. माल विकला, भाव पडलेला होता, त्या डोकेदुखीत आवाज विसरून गेलो.

आता मागं वळून बघितलं तर गाडी दोन महिन्यांपासून सांगत होती. श्रावणात ब्रेक सोडताना-दाबताना ची-ची करायची, मला वाटलं पावसाचं पाणी गेलंय, वाळलं की जाईल. आणि गेलंच की ते, म्हणजे ची-ची गेलं आणि त्याच्या जागी खरखर आली, पण ती यायला मधे दिवस गेले म्हणून मी दोन्हीचा संबंधच लावला नाही. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी थाळी म्हणजे डिस्क, आणि ब्रेक मारला की तिला दाबून धरतो तो पॅड. बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकून मुद्दाम ओरडते, मालकाला कळावं म्हणून. आमच्या मालकाला कळलं नाही.

दुसरी चूक त्याच्याहून भारी. गणपतीच्या आसपास डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागायला लागला, वळणावर लागायचा आणि जायचा. बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल खालच्या रेघेला आलेलं. मी दुकानातून झाकणावर लिहिलेलं तेच, डॉट ३ चं ऑइल आणलं आणि डबी वरपर्यंत भरून टाकली, दिवा गेला, मी खूष. (आमच्या शेजारचा एकजण म्हणत होता थोडं इंजिन ऑइल टाक, चालतं. अजिबात चालत नाही भो, ब्रेकचे रबर फुगून सगळी लाईन बाद होते.) ऑइल कमी का झालं हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही, लीक कुठं दिसत नव्हतं म्हणून विषय संपला.

तर खरखर वाढल्यावर एका गॅरेजला गेलो. कोणतं ते सोडा. तिथल्या पोरानं गाडी एक राऊंड मारून आणली, जॅकवर चढवली, चाक वर-खाली हलवलं, फिरवलं आणि म्हणला बेअरिंग गेलंय. मी म्हणलं पण आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, तर म्हणे लोड आला की बेअरिंग बोलतंच. मला काय कळतंय, बदल म्हणलं. २,४०० रुपये दिले, जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून घेतलं, गंगापूर रोडला लागलो आणि पहिल्याच गतिरोधकाला खर्रर्र. परत गेलो तर "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो." असं बेअरिंग सेट होत नसतं एवढं तर मलापण माहिती होतं, पण भांडायला तोंड नव्हतं कारण हो म्हणणारा मीच.

मग एका रविवारी सकाळी चुलतभावाला घेतलं आणि धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी नेली. ठरवलं की आज आवाज कुठून येतो ते शोधायचंच नाही, आवाज *कधी* येतो तेवढंच बघायचं, कारण केबिनमधी बसून कुठून येतो ते कोणालाच नीट कळत नाही, पत्रा सगळीकडून वाजतो. आधी ३०-४० च्या स्पीडला गाडी नुसती सोडली, ब्रेक नाही, फार तर बारीक सूं-सूं. डावीकडं-उजवीकडं नागमोडी घेतली, आवाजात काही फरक नाही. बेअरिंग गेलेलं असतं तर स्पीडबरोबर घों-घों वाढली असती आणि वळणावर एका बाजूला वजन पडलं की बदलली असती, म्हणजे २,४०० तिथंच पाण्यात गेलेले कळले. मग ब्रेक हलका दाबला, खर्रर्र सुरू, सोडला की बंद. मग एकदम हळू, माणूस चालतो त्या स्पीडला, हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी थांबली, आवाज नाही. आमच्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर काम करतो (मागं डिस्क नाही, गोल ड्रम आणि त्याला आतून घासणारे शू असतात), म्हणजे मागचे शू निर्दोष सुटले, दुखणं पुढं. (हे रिकाम्या रस्त्यावरच करा, बटण सोडू नका, नाहीतर मागची चाकं एकदम जाम होतात.) शेवटी भाऊ खिडकीच्या बाजूनं चालत राहिला, मी दोनदा ब्रेक मारला, तो म्हणला डावीकडून येतोय, शंभर टक्के.

थांबल्यावर अजून एक केलं. पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ लांबूनच हात धरला, उजवं कोमट आणि डाव्याची नुसती धग लागत होती. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब बोटानं डिस्कवर उडवले, डाव्या डिस्कवर चर्रकन उडाले, उजवीवर नुसते ओघळले. दोनच थेंब बरं का, तापलेल्या डिस्कवर बाटली ओतली तर ती वाकडी होऊ शकते.

घरी आलो, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावले, नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक, मग डावं चाक काढलं. बाहेरून पॅड बघितला तर चांगला ६-७ एमएम शिल्लक! नवीन पॅड १०-१२ चा असतो, ३ वर आला की बदलायचा, म्हणजे हा तर अर्धा पण संपलेला नाही. डिस्कच्या मागं एक पातळ पत्रा असतो चिखल अडवायला, तो स्क्रू ड्रायव्हरनं जरा मागं ओढला आणि काय सांगू, आतून हरभऱ्याएवढा खडा टपकन खाली पडला. भावानं टाळीच दिली. खडा नानांना नेऊन दाखवला, नाना काही बोलले नाही, त्यांनी फक्त खडा बघितला आणि माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. खर्रर्र.

त्याच्यानंतरचे चार दिवस गाडी उभी ठेवली, माल दुसऱ्याच्या गाडीत पाठवला, भाडं गेलं. मग द्वारकेकडं एक जुने मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात, त्यांच्याकडं हळूहळू, पुढच्या गाडीपासून लांब राहून गेलो. चाचांनी गाडी बघायच्या आधी मलाच बसवलं आणि विचारत बसले, कधीपासून, आधी कसा होता, पॅडल खाली जातं का, ऑइल टाकलं का. मी माझी सगळी टेस्ट सांगितली, त्यांना आवडलेली दिसली. म्हणले, "पॅड बघितला?" म्हणलं बघितला, अर्ध्याहून जास्त आहे. "कोणता बघितला?" मी गप्प, कारण एका चाकाला दोन पॅड असतात हे माहीत असून मी बाहेरचाच बघितला होता.

चाचांनी कॅलिपरचा, म्हणजे दोन्ही पॅड धरणाऱ्या पकडीचा, खालचा बोल्ट काढला, वर उचलायला गेले तर तो उचलेचना, पाना लावून, हलवून हलवून वर केला. आतला पॅड हातात आला तेव्हा त्याच्यावर मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, नावाला पण नव्हता, नुसती लोखंडी पट्टी, घासून घासून आरशासारखी चकाकणारी. डिस्कची बाहेरची बाजू गुळगुळीत आणि आतल्या बाजूला नांगरानं तास मारावेत तशा गोल गोल चऱ्या, नख अडकत होतं. लोखंडावर लोखंड घासत मी ७० कॅरेट घेऊन फिरत होतो, मधे एकदा सावळघाट पण उतरलो होतो, ते आठवून पोटात गोळा आला.

कारण काय, तर पिन. आमच्या कॅलिपरला पिस्टन आतल्या बाजूलाच असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. वरच्या पिनेचा रबरी बूट फाटलेला, त्यातून पावसाळाभर पाणी आणि शेतातला चिखल आत गेला, ग्रीस वाहून गेलं, पिन गंजून बसली. कॅलिपर सरकेना, मग सगळं काम एकट्या आतल्या पॅडच्या बोकांडी, आणि ब्रेक सोडल्यावर पण तो नीट मोकळा होईना, म्हणून चाक तापत होतं. बाहेरचा पॅड आरामात बसलेला, आणि मी त्यालाच बघून खूष.

मग पिस्टन मागं ढकलायची वेळ आली. चाचांनी जुना पॅड आडवा लावून शिकंज्यानं दाबायला घेतलं आणि बॉनेटमधून ऑइल भळाभळा बाहेर. चाचा थांबले. "हे कोणी भरलं?" पॅड झिजला की पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागची रिकामी जागा ऑइल भरून काढतं, म्हणून डबीतलं कमी होतं. तो दिवा पॅड बघ म्हणून लागला होता आणि मी ऑइल ओतून त्याचं तोंड बंद केलं. चाचांनी मेडिकलमधून सिरिंज आणायला पाठवलं, जास्तीचं ऑइल ओढून घेतलं, आणि सांडलेल्यावर लगेच पाणी मारलं कारण ब्रेक ऑइल रंग खातं. बॅटरीच्या बाजूचा थोडा रंग तरी गेलाच.

डिस्क लेथवर टर्न करता येईल का, म्हणजे वरचा थर घासून गुळगुळीत होईल का, विचारलं. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, चाचांनी व्हर्नियर लावला, चऱ्या काढल्या तर त्याच्या खाली जाणार, म्हणजे नवीनच. आणि डिस्क-पॅड दोन्ही बाजूचे जोडीनं बदलायचे, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. उजवीकडची एक पिन पण जडच निघाली, ती साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, साधं ग्रीस रबराला चालत नाही. डिस्क ४,८००, पॅड १,६००, पिना आणि बूट ३५०, मजुरी ९००. श्रावणात ची-ची ऐकून उघडलं असतं तर नुसत्या पॅड आणि पिनांत भागलं असतं.

चाकं बसल्यावर चाचांनी मला लगेच निघू दिलं नाही, आधी जागेवर पॅडल मारायला लावलं, पहिल्यांदा पार खाली गेलं, चार-पाच वेळा दाबल्यावर कडक झालं. विसरून तशीच गाडी काढली असती तर समोरच्या भिंतीतच. मग म्हणले रिकाम्या गाडीनं ५० वरून १० वर आण, सोड, थंड होऊ दे, असं आठ-दहा वेळा, आणि दोन-तीनशे किलोमीटर होईपर्यंत लोड घेऊन घाट नको.

निघताना ते फडक्यातलं जुनं बेअरिंग सीटखालून काढून त्यांना दिलं. त्यांनी डिझेलमधी धुतलं, उजेडात धरून रोलर बघितले, कुठं खड्डा नाही, निळं पडलेलं नाही. दोन बोटांवर फिरवलं आणि माझ्या हातात ठेवलं. आता ते घरी पुतण्याकडं आहे, दिवसभर ओट्यावर फिरवत बसतो, आवाज अजिबात येत नाही. नाना ते फिरताना दिसलं की मला विचारतात, "सेट झालं का रे?"