तुम्ही विचारलंत म्हणून: आत्याचं लुगडं जांभळं काऊन दिसलं

आमची फिल्म दाखवली की कोणी ना कोणी विचारतंच, चुलीजवळच्या सीनमधे आत्या आधी नीट दिसते अन् क्लोजअपमधे एकदम निळी, असं कसं झालं, अन् त्यांच्या फिल्ममधे होऊ नये म्हणून काय करायचं.

तर झालं असं, शूटिंग आमच्याच घरी, दारव्ह्याकडच्या गावात. वाईड शॉट, म्हणजे दुरून सगळं दिसणारा, घेतला सकाळी अकराला अंगणात. मग लाईन गेली, मग जेवणं, मग चहा, अन् क्लोजअप घेतला चारला, तोवर ऊन अंगावर यायला लागलं म्हणून चूल छपरीत नेलेली, वर निळी ताडपत्री. ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळाच, आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. त्यात व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग सावरतो ते, ऑटोवर. आत्याच्या लाल लुगड्यानं फ्रेम भरली की ऑटोला वाटतं उजेडच लाल आहे, मग तो लाल कापायला अजून निळं ओततो. फिल्म पाहून आत्याच म्हणाली, "माह्यं लुगडं लाल होतं ना रे, हे जांभळं काऊन दिसते?"

मी तीन रात्री रेझॉल्व्हमधे, म्हणजे रंग दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमधे, घासल्या. चेहरा सुधारला की मागची चुन्याची भिंत पिवळी. कारण छपरीतला पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) अन् बाहेरचं ऊन ५५०० च्या आसपास, दोन्ही एकाच फ्रेममधे असले तर एक सावरताना दुसरं बिघडतंच.

आता मी ऑटो बंदच ठेवतो. जिथं चेहरा येणार तिथं पांढरा कागद धरून व्हाईट बॅलन्स सेट करायचा, सीन संपेपर्यंत हात लावायचा नाही. मोबाईल असला तर प्रो मोड, त्यात हे हातानं सेट करता येतं. ताडपत्री काढून पांढरं धोतर ताणायचं, समोरून उजेड परतवायला थर्माकोलची शीट. बल्ब एकतर विझवायचा नाहीतर सगळेच एका जातीचे. शटर १/५० सेकंद, आपली लाईन ५० हर्ट्झची, नाहीतर स्वस्तातल्या एलईडीचे पट्टे फ्रेममधे फिरतात. अन् एका सीनचे वाईड-क्लोज एका दमात घ्या बाप्पा, चहा नंतर.

रीशूट काऊन नाही केलं, हेही विचारतात. गेलो होतो ना. पण तोवर आत्यानं ते लुगडं गोधडीत घातलं होतं.