सेंट लुइसचा १९०६ चा हंगाम

कामठीच्या मैदानांवर फुटबॉल पाहत वाढलेल्या आम्हा नागपूरकरांना अमेरिकी फुटबॉल परकाच वाटतो. तरी सेंट लुइस विद्यापीठाच्या १९०६ च्या हंगामाने मला झपाटले आहे. १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंमुळे हा खेळ बंद करण्याची मागणी होऊ लागली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः लक्ष घातले आणि पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. बहुतेक संघ बिचकले, कारण कोणाच्याही हाताला न लागता चेंडू जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्यांकडे जाई. प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी मात्र उन्हाळ्यात संघाला विस्कॉन्सिनमधील ब्यूला सरोवराकाठी नेले आणि चेंडूच्या नाडीवर बोटे रोवून, तो स्वतःभोवती फिरत जाईल अशी फेक खेळाडूंकडून घोटवून घेतली. ५ सप्टेंबरला कॅरोल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सनची पहिली फेक वाया गेली, चेंडूही गेला. तरीही त्याच सामन्यात त्याने पुन्हा फेकण्याचे धाडस केले आणि जॅक श्नायडरने तो चेंडू झेलून गुण मिळवले. मला त्या पुढच्या फेकीचे मोल अधिक वाटते. सामना २२-० असा जिंकला. हंगामातील अकराही सामने जिंकताना संघाने ४०७ गुण केले आणि केवळ ११ दिले.