लेस ढिली पडू नये म्हणून: प्रयोग कुठवर आलाय

दोष नेहमी गाठीला जातो, पण लेस आधी ढिली पडते ती घोट्याच्या वाकाजवळ. त्यामुळे यावेळी गाठीला हात लावण्याआधी स्केट्सचा तोच भाग धरला.

वरची टोकं कितीही जोरात खेचली तरी चवड्यावरची लेस घट्ट होत नाही. प्रत्येक भोकाशी आणि फुलीशी घर्षण थोडा थोडा ताण खाऊन टाकतं. म्हणून खालून एकेक जोडी ओढत वर यायचं: बोटांकडे बेताचं, घोट्याच्या वाकाशी करकचून, त्यावर पुन्हा थोडं सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकवता येतो. लेस आता भोकात बाहेरून आत घालतोय. ओढायला जड जातं, पण ओढलेलं निसटत नाही.

वाकाशी नुसती फुली न घालता लेसला एक जादा वेढा दिला. खालचा ताण तिथेच अडकला! घर्षणाची पकड वेढ्यांबरोबर बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते, त्यामुळे एका वेढ्यातही फरक हाताला कळतो. ताण खाणारं घर्षण इथे आपल्या बाजूनं उभं राहतं.

धावण्याच्या बुटांना हा वेढा फारसा लागला नाही. तिथे वरच्या जादा भोकाचा फास केला: लेस त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घालून छोटा फास ठेवायचा, समोरची लेस त्यातून ओवायची आणि खाली खेचायची. टाच उचलली जाणं थांबलं.

आता गाठ. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली दाखवलं की पाऊल आपटताना गाठ सैलावते आणि हलणारी टोकं तिला ओढत राहतात. मग दोन-चार पावलांत ती सुटते. सुरगाठीचे फास बुटाला आडवे राहिले तर ठीक. घोट्याकडून बोटांकडे वळत असतील तर गाठ उलटी पडलीय; पहिली अढी विरुद्ध दिशेनं घाला, बाकी सगळं तसंच. निरगाठ मारू नका, घामानं भिजल्यावर ती नखांनीही सुटत नाही.

मेण लावलेल्या लेस स्केट्सवर उत्तम धरतात, मात्र बोटांना काचतात. गोल गुळगुळीत पॉलिस्टरची लेस अजून सुटतेच आहे. सुरगाठीत फास दोनदा गुंडाळून पाहतोय. लांब धाव झाली की कळवतो.