तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा टीव्ही बाहेरगावाहून बघायचा तर डबा कुठला?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "घरी टीव्हीची जोडणी आहे, दर महिन्याला पैसे जातात, पण अर्धा महिना बाहेर असतो. घरचे चॅनेल मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर दिसतील असा एखादा डबा सांगा." डब्याचं सांगतोच, पण त्याआधी मला एक आकडा हवा असतो, आणि तो विचारणाऱ्याकडे सहसा नसतो. घरच्या इंटरनेटचा अपलोड किती आहे?

या मांडणीत तुमचं घर बघणारं नाही, पाठवणारं आहे. जाहिरातीत ठळक अक्षरांत असतो तो डाउनलोडचा वेग, आणि त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. केबल किंवा डीएसएलच्या जोडणीवर डाउनलोड १०० आणि अपलोड १० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) हे प्रमाण सर्रास दिसतं. फायबरवर दोन्ही बऱ्याचदा सारखे असतात. लॅपटॉप वायरीने राउटरला जोडा, रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे सगळं गाव नेटवर असतं तेव्हा, तीनदा मोजा आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा माना. त्याच्या ६० ते ७० टक्के एवढीच जागा चित्रासाठी धरायची. अपलोड काठोकाठ भरला की राउटरपाशी पाकिटांची रांग लागते आणि तुम्ही बाहेरून पाठवलेल्या "चॅनेल बदल" या आज्ञेला मिळणारं उत्तरही त्याच रांगेत अडकतं. चित्र थोडं पुसट झालेलं चालतं, रिमोट मुका झालेला चालत नाही. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा केक नावाची, ही रांग आवरणारी सोय असेल तर ती सुरू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा.

आता गरज किती? एच.२६४ या चित्र आकसण्याच्या पद्धतीत साध्या ५७६ ओळींच्या चित्राला दीड एमबीपीएस पुरतं, ७२० ओळींना अडीच ते तीन, १०८० ला पाच-सहा. पण काय बघता त्यावरही अवलंबून आहे. बातम्या वाचणारा निवेदक २ एमबीपीएसमध्ये सुरेख दिसतो. त्याच २ मध्ये सामना लावला की मैदानाचे हिरवे चौकोन होतात, कारण कॅमेरा सरकला की जवळजवळ प्रत्येक फ्रेम नवी असते. शिवाय ३ एमबीपीएस म्हणजे तासाला १.३५ जीबी. रोज दोन तास पाहिलं तर महिन्याला ८१ जीबी घरून बाहेर जाणार आणि तेवढाच डेटा बघण्याच्या ठिकाणी खर्च होणार. मोबाइल डेटावर बघणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

डब्याची निवड चित्र कुठून येतं त्यावर ठरते. घरी अँटेना किंवा डिशवरून येणारे मोफत, कुलूप नसलेले चॅनेल असतील तर तुमचं नशीब चांगलं. ट्यूनर घ्यायचा आणि विषय निम्मा संपला. एचडीहोमरनसारखा नेटवर्क ट्यूनर एका बाजूने अँटेनाची केबल घेतो आणि दुसऱ्या बाजूने सरळ राउटरला लागतो. छोट्या संगणकाला यूएसबी ट्यूनर लावून त्यावर टीव्हीहेडएंड हे चॅनेल वाटणारं सॉफ्टवेअर चालवलं तरी तेच काम होतं. तिथे क्रम ठरलेला आहे: आधी नेटवर्क तयार करायचं, मग प्रक्षेपणाच्या वारंवारता शोधू द्यायच्या, सापडलेल्या सेवा चॅनेलना जोडायच्या, शेवटी कार्यक्रमपत्रिका. "चॅनेल सापडले पण यादी रिकामीच" ही तक्रार जोडायची पायरी राहून गेल्यामुळे येते. ट्यूनर तुमच्या भागातल्या प्रक्षेपणाच्या पद्धतीचा हवा. डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीच्या प्रक्षेपणासमोर नुसता जुन्या डीव्हीबी-टीचा ट्यूनर आंधळा असतो.

एकाच अँटेनावर घरचा टीव्ही आणि ट्यूनर दोन्ही लावणार असाल तर दुभाजकात साधारण साडेतीन डेसिबल जातात. आधीच काठावर असलेला सिग्नल त्यामुळे चॅनेल गाळायला लागतो आणि दोष मात्र नव्या डब्याला मिळतो. अशा वेळी वर्धक अँटेनाजवळ बसवावा, डब्याजवळ नाही. केबलमध्ये मिसळलेला गोंगाट वाढवून काही हाती लागत नाही.

पैसे भरून घेतलेले चॅनेल सेट-टॉप बॉक्समधून येत असतील तर मामला अवघड. बॉक्सच्या एचडीएमआयवर बहुधा एचडीसीपी या नक्कलरोधाचं कुलूप असतं आणि नियमाने चालणारा कॅप्चर (चित्र पकडणारा डबा) किंवा एन्कोडर (ते आकसून नेटवर पाठवणारा डबा) तिथे काळा पडदा दाखवतो. ते कुलूप तोडणारी साधनं मी सुचवत नाही, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे. त्यामुळे पहिली चौकशी चॅनेलच्या किंवा सेवेच्या स्वतःच्या अॅपची करावी. ते बाहेरगावी चालत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही. चालत नसेल तर बॉक्सच्या पाठीमागे पिवळी-लाल-पांढरी भोकं आहेत का ते बघा. त्या जुन्या अॅनालॉग वाटेने ५७६ किंवा ४८० ओळींचं चित्र मिळतं. लॅपटॉपवर जुनाट दिसेल, मोबाइलवर खपून जातं. करारात काय परवानगी आहे तेही वाचा, आणि हा प्रवाह आपल्यापुरताच ठेवा. शेजाऱ्यांना वाटला की ते प्रक्षेपण झालं.

एन्कोडर घेतलात तर मूळ मांडणी तशीच राहू देऊ नका. मुख्य फ्रेम (पूर्ण चित्र असलेली) दर दोन सेकंदांनी, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्राला ५० वर ठेवा. ती दहा सेकंदांवर असेल तर प्रवाह लागायलाच वेळ लागतो. बिटरेट स्थिर किंवा कमाल मर्यादा घातलेला असावा. आवाजाला एएसी १२८ केबीपीएस पुरे.

सेट-टॉप बॉक्सचा खरा छळ रिमोटचा. तुम्ही तिथे नाही, म्हणजे तुमच्या वतीने कुणीतरी बटण दाबलं पाहिजे. त्यासाठी इन्फ्रारेड ब्लास्टर लागतो: ९४० नॅनोमीटरचा एलईडी, बहुतेक रिमोटना ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकणारा. तो बॉक्सच्या संवेदकासमोर दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून चिकटपट्टीने पक्का करा. संवेदक काळ्या काचेमागे असतो. कुठे आहे ते टॉर्च तिरपा मारून दिसतं. एलईडी पेटतो की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बहुधा जांभळट ठिपका दिसतो. ठिपका दिसतो आणि तरी बॉक्स ऐकत नाही, तर संकेत चुकीच्या वारंवारतेवर जातोय किंवा एलईडी इतका जवळ आहे की संवेदक दिपून जातोय. थोडा मागे घ्या.

यातला एक दोष भल्याभल्यांना चकवतो. चॅनेल ११ मागितला की १ लागतो, २२ मागितला की २. आरसी-५ आणि आरसी-६ पद्धतीच्या रिमोटमध्ये प्रत्येक नव्या दाबण्याला एक बिट उलटतो. शिकवून साठवलेला संकेत तोच बिट पुन्हा पाठवतो आणि बॉक्सला वाटतं, बटण अजून दाबलेलंच आहे. उपाय म्हणजे प्रत्येक बटण दोनदा शिकवायचं आणि दोन्ही नमुने आळीपाळीने पाठवायचे, किंवा हा बिट स्वतः उलटणारी एलआयआरसीसारखी प्रणाली वापरायची. दोन अंकांमध्ये तीनशे मिलिसेकंद थांबा ठेवला की अंक गळायचेही थांबतात.

याला जोडूनच उशिराचा प्रश्न येतो. एचएलएस या नेटवर प्रवाह पाठवण्याच्या पद्धतीत चित्र साधारण सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत जातं आणि बघणारा प्लेअर तीन तुकडे हाताशी ठेवून सुरुवात करतो. म्हणजे तुम्ही जे बघताय ते अठरा-वीस सेकंद शिळं असतं. ट्यूनरवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. सेट-टॉप बॉक्सवाला मात्र बटण दाबतो, काही होत नाही म्हणून परत दाबतो, आणि पॉवरचं बटण तर एकच असतं: एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. वीस सेकंदांनी पडदा उजळतो आणि लगेच काळा होतो. म्हणून बॉक्ससाठी आरटीएसपी किंवा एसआरटी या पाठवण्याच्या पद्धती वापरा. तिथे उशीर एक-दोन सेकंदांवर येतो. बॉक्सला फक्त "चालू" असा वेगळा संकेत असेल तर तोच शिकवा. आणि मेनूत जाऊन "काही तास बटण न दाबल्यास बंद" हा ऊर्जाबचतीचा पर्याय काढून टाका.

मग चित्र घराबाहेर काढायचं. इथे स्लिंगबॉक्सचं नाव घ्यावंच लागतं, कारण जुन्या सामानात तो अजून विकायला दिसतो आणि लोक विचारतात. २००५ मध्ये आला, नेमकं हेच काम करायचा, आणि चांगलं करायचा. पण त्याची वाट कंपनीच्या सर्व्हरवरून जायची. ९ नोव्हेंबर २०२२ ला ते सर्व्हर बंद झाले आणि धडधाकट डबे एका दिवसात निकामी ठरले. घेऊ नका. कुठलाही नवा डबा घेताना घरातल्या घरात, राउटरची बाहेरची वायर काढून, चित्र दिसतं का ते तपासा. दिसलं नाही, तर तो डबा कंपनीच्या मर्जीवर जगणारा आहे.

राउटरमध्ये दार उघडून, म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करून, टीव्हीहेडएंडचा ९९८१ किंवा जेलीफिनचा (हेही घरचं चित्र वाटणारं सॉफ्टवेअर) ८०९६ हा पोर्ट थेट जगासमोर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. उघडं दार शोधत फिरणारी यंत्रं अहोरात्र जागी असतात, आणि एन्कोडरच्या पानाचा पासवर्ड तर अनेकदा कारखान्यातला तसाच असतो. वायरगार्ड, म्हणजे घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन), लावा: एकच यूडीपी पोर्ट, मांडणीच्या उदाहरणांत सहसा ५१८२०, आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. घरचा पत्ता बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे पत्ता बदलला तरी घर शोधून देणारं, नाव घ्या. मोबाइलच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संकेत) २५ सेकंद. परवानगीच्या पत्त्यांत फक्त घरचं जाळं लिहा, नाहीतर मोबाइलची सगळीच वाहतूक घरून फिरून येईल आणि आधीच तोकडा अपलोड आणखी खाईल.

दोन ठिकाणी हे अडतं. एक, घरचं जाळं १९२.१६८.१ चं आणि हॉटेलचंही तेच. मग मोबाइल घरचा डबा हॉटेलातच शोधत बसतो. घरचं जाळं आधीच १९२.१६८.७३ असं काहीतरी आडनिडं करून ठेवा. दुसरं, सीजीनॅट, म्हणजे सेवादाता बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि "माझा आयपी" सांगणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता वेगळे असतील, किंवा राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर तुमच्या घराला स्वतःचं दारच नाही. मग सेवादात्याकडे सार्वजनिक पत्ता मागा, आयपीव्ही६ वापरा, किंवा टेलस्केल ही वायरगार्डवरच बेतलेली सेवा घ्या. टेलस्केलची जोडणी थेट झाली आहे की मधल्या रिले सर्व्हरवरून, ते मात्र बघा. रिलेवर चित्र अडखळतं आणि लोक बिटरेट कमी करत बसतात.

संगणकाबद्दल थोडक्यात. अँटेनावरून येणारा प्रवाह एचडीला सहज ८ ते १५ एमबीपीएस असतो. तो बाहेर पाठवण्याआधी आकसावा लागतो. रास्पबेरी पाय ५ या चिमुकल्या संगणकात एच.२६४ एन्कोड करणारा हार्डवेअर भागच नाही, आधीच्या ४ मध्ये होता. त्यामुळे "नवीन म्हणजे चांगला" इथे खोटं ठरतं. इंटेलचा क्विक सिंक (चित्र आकसणारा हार्डवेअर भाग) असलेला छोटा संगणक हे काम न तापता करतो. जेलीफिनमध्ये हार्डवेअर प्रवेग सुरू करा, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी पाठवणारं) प्रक्षेपण असेल तर डीइंटरलेस सुरू करा, नाहीतर हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. तात्पुरत्या फाइली एसडी कार्डावर ठेवू नका, सततच्या लिहिण्याने कार्ड मरतं.

निघण्याआधी दोन चाचण्या. पहिली, मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सलग दोन तास बघणे. घरच्या वायफायवर दिसलं म्हणजे काहीच सिद्ध झालेलं नसतं. दुसरी, घराचा मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी परत लावणे, आणि कशालाही हात न लावता चित्र येतं का ते बाहेरून पाहणे. पहिल्या खेपेला ते बहुतेक येत नाही. संगणकाच्या बायॉसमध्ये "वीज आल्यावर सुरू हो" हा पर्याय लावायचा राहिलेला असतो, किंवा स्मार्ट प्लग वीज आल्यावर बंद अवस्थेत उठतो, किंवा राउटर उठायच्या आत डबा उठून पत्ता मागतो आणि न मिळाल्याने गप्प बसतो. घड्याळाची बॅटरी नसलेला पाय जुन्या वेळेने जागा होतो. वेळ दुरुस्त होईपर्यंत त्याने सुरू केलेली वायरगार्डची ओळख समोरचा नाकारतो, कारण जुना शिक्का म्हणजे त्याच्या लेखी नक्कल.

सेट-टॉप बॉक्स गोठला तर मात्र वीज काढून लावण्याला पर्याय नाही. त्याला स्वतंत्र स्मार्ट प्लग द्या, आणि राउटरच्या प्लगवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: "काढू नये". झाडझूड करताना, मोबाइल चार्ज करताना, हमखास तोच प्लग निघतो.