रुखवतापासून बाहुल्यांच्या मेळाव्यापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात रुखवतापासून झाली. सावंतवाडीत घरच्याच पडवीत बसून माझ्या जाऊबाई आणि मी लग्नघरांसाठी रुखवत करून देत असू. त्यात विहीर, तुळशीवृंदावन, बैलगाडी, भातुकलीचा संसार आणि पाटावर बसलेले नवरा-नवरी हे सारे असे. त्याला जोडून गौरींना साड्या नेसवणे, मखरे आणि मुंजीची सजावट अशी कामे येऊ लागली, आणि भावोजींच्या सुतारकामामुळे चौरंग, पायऱ्या, कमानी घरच्या घरी तयार होऊ लागल्या. लहान आकाराची वस्तू मोठ्या वस्तूइतकीच नेटकी झाली पाहिजे, हा जाऊबाईंचा आग्रह तेव्हापासूनचा आहे, आणि आमचे पुढचे सगळे काम त्या आग्रहावर उभे राहिले.

बाहुल्या जमवणाऱ्यांशी आमची ओळख एका लग्नातच झाली. वरपक्षाकडून कोल्हापुरातून आलेल्या एक बाई रुखवतातील जोडप्यापाशी बराच वेळ थांबल्या, नवरीच्या शालूच्या निऱ्या त्यांनी वाकून पाहिल्या, आणि आपल्यासारख्या संग्राहकांचा मेळावा कोकणात भरवून द्याल का, असे त्यांनी विचारले. तोपर्यंत हा छंद किती जुना आणि किती पसरलेला आहे, याची आम्हांला कल्पना नव्हती. काम स्वीकारण्याआधी आम्ही वाचायला बसलो. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1965 मध्ये दिल्लीत उभारलेले बाहुल्यांचे संग्रहालय, अमेरिकेत 1949 पासून एकत्र आलेली बाहुली-मंडळे, 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात प्रथम मांडली गेलेली बार्बी, आणि आपल्याकडची रंगवलेली लाकडी ठकी, असा तो मोठा पसारा आहे. संग्राहकांच्या गप्पांत हे सगळे एकाच बैठकीत येते, आणि ज्याला त्यातले काही ठाऊक नाही त्याने त्यांचा समारंभ आखू नये, असे आमचे मत तेव्हाच झाले.

लग्नात पाहुणे माणसे असतात. या मेळाव्यात खरा मान बाहुलीचा असतो. त्यामुळे विषय ठरवून, सभागृह सजवून, मग बाहुल्या कोठे ठेवायच्या याचा विचार करणे हा क्रम आम्ही कधीच धरला नाही. कोणत्या बाहुल्या येणार, त्या किती उंचीच्या, कशाच्या बनलेल्या आणि किती वयाच्या, हे आधी कळले पाहिजे. विषय, मांडणी, दिवे आणि फराळ हे सारे त्यावरून ठरते. म्हणून आमच्या निमंत्रणपत्रिकेबरोबर एक नोंदपत्र जाते. त्यात बाहुलीची उंची, तिचे साहित्य, तिला उभे राहण्यास आधार लागतो का, आणि इतरांनी तिला हात लावलेला मालकांना चालेल का, हे विचारलेले असते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या बाहुलीला हात लावायचा नाही, तिच्या कार्डाला लाल दोरा बांधलेला असतो, आणि लहान मुलांसाठी कापडी बाहुल्या व सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा वेगळा कोपरा असतो, म्हणजे कोणालाही मुलांवर ओरडण्याची वेळ येत नाही.

साहित्याचा प्रश्न कोकणात अधिकच जपून सोडवावा लागतो. आमची हवा खारी आणि दमट. लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून केलेल्या जुन्या बाहुल्यांच्या रंगाला ओलाव्याने बारीक तडे जातात, कापडी अंगाला बुरशी धरते, आणि तारेच्या आधारांना गंज चढून तो कपड्याला लागतो. आम्ही प्रत्येक आधाराला सुती पट्टी गुंडाळूनच वापरतो. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांच्या पेटीत ठेवू देत नाही, कारण त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. चिनी मातीच्या बाहुल्या हाताळताना हातमोजे घालावेत असे अनेकांना वाटते. सुती मोज्यांतून गुळगुळीत वस्तू निसटते, म्हणून स्वच्छ धुतलेले, कोरडे हातच आम्हांला बरे वाटतात. मुंबई-पुण्याहून वातानुकूलित डब्यातून कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्थानकावर उतरलेली पेटी आम्ही लगेच उघडू देत नाही. थंड वस्तूवर आमच्या हवेतले पाणी चटकन साठते, म्हणून पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहते आणि तोवर पाहुण्यांना चहा-घावणे मिळतात.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक बाहुली दिन असतो, आणि त्याच दिवशी मेळावा हवा असा आग्रह दरवर्षी होतो. नेमके तेव्हाच आमच्याकडे मृग बरसू लागलेला असतो. त्या दिवशी आम्ही जुन्या बाहुल्यांचे प्रदर्शन घेत नाही, हे स्पष्ट सांगतो, आणि त्याऐवजी घरात बसून बाहुल्यांचे कपडे शिवण्याची बैठक भरवतो. तिला नव्या, रोजच्या हाताळणीतल्या बाहुल्याच येतात. मोठे मेळावे दिवाळीनंतर चैत्रापर्यंत. उकडणारा वैशाख आणि सगळा पावसाळा आम्ही वगळला आहे, आणि भाद्रपदात तर गौरी-गणपतींच्या कामातून मान वर करायला सवड नसते.

जागा म्हणून आम्हांला सभागृहापेक्षा जुने चौसोपी घर अधिक आवडते. माजघरात ऊन थेट येत नाही, जाड मातीच्या भिंतींमुळे तापमान फारसे चढ-उतार करत नाही, आणि उत्तरेकडील पडवीत छायाचित्रांसाठी मऊ उजेड मिळतो. दीपप्रज्वलन मात्र आम्ही बाहेर खळ्यात, तुळशीपाशी करतो. सेल्युलॉइडच्या जुन्या बाहुल्या अतिशय ज्वालाग्राही असतात आणि समई, निरांजन, उदबत्ती यांपैकी काहीही त्यांच्या खोलीत नेणे योग्य नाही. आत सर्वत्र उष्णता न देणारे एलईडी दिवे असतात. फराळाचीही वेगळी ओटी असते. कोकम सरबत आणि हळद यांचा डाग व्हिनाइल या प्लॅस्टिकवर किंवा शंभर वर्षे जुन्या लेसवर पडला तर तो काढण्याचा खात्रीचा उपाय आमच्याजवळ नाही. त्यामुळे सोलकढी, शिरवाळ्या, खाजा, मोदक हे सर्व ओटीवर मिळते, आणि तेथून आत जाताना दाराशी ठेवलेल्या पाण्याने हात धुवावे लागतात. आजवर कोणत्याही संग्राहकाने याबद्दल नापसंती दाखवलेली नाही. उलट अनेकांनी घरी तीच पद्धत सुरू केल्याचे कळवले आहे.

विषयांपैकी सर्वांत मागणी आहे ती बाहुला-बाहुलीच्या लग्नाला. लहानपणी हा खेळ न खेळलेली मराठी बाई क्वचितच भेटेल, आणि संग्राहकांना तो पूर्ण विधिवत, पण बाहुल्यांच्याच मापाने हवा असतो. बार्बी साडेअकरा इंचांची. तिच्या जोडीला 1961 मध्ये आलेला केन बारा इंचांच्या आसपास. या बाहुल्यांचे प्रमाण माणसाच्या सहाव्या हिश्शाचे धरतात. म्हणजे सात फुटी दरवाजा चौदा इंचांचा, दीड फूट लांबीचा पाट तीन इंचांचा, आणि नऊवारी साडी बरोबर दीड वाराची. पन्हा अठ्ठेचाळीस इंचांऐवजी आठ इंच, आणि तीन इंची काठ अर्ध्या इंचाचा. हिशेब सोपा आहे, पण कापडाची जाडी सहा पटींनी कमी होत नाही, आणि तेथे खरी कारागिरी लागते. नव्या रेशमाचा कासोटा बाहुलीच्या अंगावर गोळा होऊन बसतो. त्यासाठी जाऊबाई धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या रेशमी साड्यांचा पदराजवळचा भाग जपून ठेवतात. त्यातील आठ इंचांची पट्टी काढून, कासोट्याखालचा दडणारा भाग कापून कमी करतात, आणि निऱ्या हाताने न घालता विणायच्या बारीक सुयांवर घालून, वाफ देऊन, रात्रभर दडपून ठेवतात. सकाळी त्या निऱ्या उघडल्या की एकही निरी दुसरीच्या पुढे आलेली नसते.

दागिन्यांचे पथ्य निराळे. साठच्या दशकातील बार्बीच्या कानांतल्या धातूच्या कुड्यांमुळे व्हिनाइलवर हिरवा डाग पडतो, हे संग्राहकांचे जुने दुखणे आहे. आम्ही म्हणून तांब्या-पितळेची तार बाहुलीच्या अंगाला लागू देत नाही. नथ सर्वांत बारीक काचमण्यांची आणि दोऱ्यावर ओवलेली असते, तो दोरा केसांखालून मागे बांधलेला असतो. मुंडावळ्याही तशाच. चेहऱ्यावर कुंकू किंवा गोंद अजिबात लावत नाही. कपाळावरची चंद्रकोर रंगीत कागदाची असून ती मुंडावळ्यांच्या दोऱ्यालाच अडकवलेली असते. अंतरपाट, होमकुंड, पंगतीची केळीची पाने, विहिणींचा मानपान हे सारे त्याच मापात होते. मंगलाष्टके मात्र माणसांच्या आवाजात, आणि त्या वेळी अक्षतांऐवजी पांढऱ्या कागदाचे बारीक तुकडे उधळले जातात.

माझ्या स्वतःच्या मनाला सर्वांत जवळचा विषय चैत्रगौरीचा आहे. आरास म्हणून पायऱ्या मांडून त्यांवर घरातली खेळणी, चित्रे, बाहुल्या ठेवण्याची आपली रीत म्हणजे बाहुल्यांच्या प्रदर्शनाची तयार चौकटच होय. दक्षिणेकडे नवरात्रात अशाच पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आणि जपानमध्ये 3 मार्चच्या हिनामात्सुरीला लाल कापड घातलेल्या सात पायऱ्यांवर राजा-राणीपासून सेवकांपर्यंत पंधरा बाहुल्यांचा संपूर्ण संच मांडला जातो. एका मेळाव्यात आम्ही या तीनही पद्धती शेजारी शेजारी मांडल्या. आंब्याची डाळ आणि पन्हे ओटीवर, हळदीकुंकू दाराबाहेर, आणि आत केवळ बाहुल्या व मोगरा. त्या दिवशी ज्या संग्राहकांकडे परदेशी बाहुल्यांचा मोठा साठा होता, त्यांनीच आपल्या आजीच्या ठक्यांची चौकशी घरी फोन करून केली, याचे मला फार समाधान वाटले.

सावंतवाडीत राहण्याचा मोठा लाभ म्हणजे चितारअळी. येथील कारागिरांकडून आम्ही बाहुल्यांच्या मापाचे पाट, चौरंग, पाळणे आणि लाकडी फळे करून घेतो. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरण्याची येथील जुनी परंपरा आहे. गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, कला 1970 च्या दशकात राजवाड्यात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकाराने पुन्हा उभी राहिली, हे आमच्या पाहुण्यांना आम्ही आवर्जून सांगतो. दशावतारी गंजिफाचे दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120 गोल पत्ते असतात, आणि दशावतार हा विषय घेतलेल्या मेळाव्यात त्या अवतारांच्या रंगसंगतीवरूनच आम्ही दहा टेबलांची मांडणी केली होती. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळही आम्ही ठेवतो. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यापासून पाहुणे स्वतःहून त्याची मागणी करतात. कलावंतांना बोलावताना त्यांचे मानधन कार्यक्रमाआधी देणे आणि खेळ चालू असताना फराळ बंद ठेवणे, या दोन गोष्टींत आम्ही तडजोड करत नाही.

दुपारचे सत्र ओळखीचे असते. प्रत्येक संग्राहक आपली एक बाहुली समोर ठेवून तिची हकिगत सांगतो, आणि बाहुलीच्या अंगावरील खुणा कशा वाचाव्यात यावर चर्चा होते. बार्बीच्या अंगावर 1966 असे कोरलेले असले, तरी ते त्या शरीर-घडणीच्या स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) वर्ष असते. तोच साचा पुढे कित्येक दशके वापरात होता. जर्मन चिनी मातीच्या बाहुलीचा साचा-क्रमांक मानेमागे, केसांच्या टोपाखाली सापडतो, आणि तेथे देशाचे नाव असेल तर ती बहुधा 1891 नंतरची असते, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. असे बारकावे कळल्यावर जुन्या म्हणून महागात विकल्या जाणाऱ्या बाहुल्यांची पारख करणे सोपे जाते, म्हणून देवघेवीची टेबले आम्ही या सत्रानंतरच उघडतो.

व्यवहाराविषयी थोडेसे. पाहुण्यांची संख्या आम्ही बाहुल्यांच्या जागेवरून ठरवतो आणि ती भरली की नोंदणी थांबवतो. आगमनाच्या वेळी आणि निरोपाच्या वेळी प्रत्येक बाहुलीचे मालकांसमोर छायाचित्र काढून दोन्ही कागदांवर सह्या घेतल्या जातात. 2020 च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, तेव्हा टपालाने पाठवलेल्या नऊवाऱ्या, मुंडावळ्या आणि पाटांच्या संचांनी आमचे घर चालले. तो विभाग आता कायमचा झाला असून गावातील चार जणी घरी बसून त्यासाठी शिवणकाम करतात.

यंदाचा मोठा मेळावा चैत्रगौरीच्या विषयावर आहे आणि त्याची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होईल. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या काळातील ठकी माळ्यावर पडून आहे, त्यांनी ती रंग न लावता, न घासता, जशी असेल तशी जुन्या सुती कापडात गुंडाळून आणावी. ठकीसाठी नोंदणी शुल्क घेतले जात नाही, आणि पहिली पायरी तिच्यासाठीच राखलेली आहे.