साडेपाच तासांचा घोळ

बाबांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं चुकायचं. ते सकाळी हाताने वेळ लावायचे आणि कामाला बसायचे. पण एकदा बँकेची साइट उघडेना, 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' यायला लागलं, तेव्हा मी हात घातला. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. कॉम्प्युटरचं घड्याळ २०१२ साल दाखवत असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. दोष इंटरनेटचा नव्हताच.

लगेच वेळ न लावता मी आधी चूक किती आहे ते पाहत गेलो. माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. कधी घड्याळ थेट २०१२ वर जायचं. कधी ते बरोब्बर साडेपाच तास मागे असायचं. म्हणजे दुखणी दोन होती.

२०१२ चं कारण भिंतीवरच्या बटणात सापडलं. बाबा रात्री बोर्डावरचं बटण बंद करून झोपतात. बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, थोडी वीज मिळते आणि घड्याळ चालत राहतं. बटण बंद केलं की सगळा भार मदरबोर्डवरच्या छोट्या गोल सेलवर येतो. तो संपला की तारीख गेलीच. नवा सेल घ्यायला पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने जुना सेल मीटरवर धरला. तीन व्होल्ट हवेत, काटा दोनच्या आसपास. "दादा, सीआर २०३२ न्या. पण आधी बायोसच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवलेत ना?" बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम. फोटो काढले होते, आणि ते बरंच झालं. सेल बदलल्यावर हार्ड डिस्कचा मोड बदलला होता, विंडोज सुरूच होईना. फोटो बघून बायोसमध्ये एएचसीआय हा आधीचा मोड परत लावला, मग चाललं. सेल काढण्याआधी प्लगच उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागवू नका.

साडेपाच तासांचं कोडं मात्र मला फार आवडलं. त्याच मशीनवर मी विंडोजच्या जोडीला उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलेलं आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे मी उबुंटू वापरून उठलो की नंतर विंडोज तीच यूटीसी भारतीय वेळ समजून दाखवायचं. तारीखही मध्यरात्रीनंतर एक दिवस मागची!

लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं, पण मला विंडोजलाच यूटीसीवर आणणं जास्त बरं वाटलं. विंडोजच्या आतल्या सेटिंग जिथे साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीच्या एडिटरमध्ये एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथे जायचं, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड (आकडा साठवणारी) नोंद करायची, किंमत १ द्यायची आणि रीस्टार्ट करायचं. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिचा बॅकअप घ्या.

मग विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये टाइम झोन तपासला: यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' अशी ओळ असते, तीच पुण्यालाही लागू. शेवटी तिथलंच 'सिंक नाऊ' बटण, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणं. तफावत वर्षांची असेल तर विंडोज कधीकधी इंटरनेटवरून वेळ घ्यायला नकार देतं, म्हणून आधी तारीख अंदाजे हाताने लावायची आणि मग बटण दाबायचं. आमच्याकडे असं केल्यावर पहिल्याच फटक्यात वेळ जुळली आणि बँकेची साइटही उघडली.